सात वाट्यांच्या शांताबाई

शांताबाई वाघमाऱ्यांनी माझा पहिला अपमान केला तो माझ्या हातचा शिरा नाकारून. साजूक तुपातला, केळं घातलेला, वर बेदाणे चिकटवलेला शिरा. मी तो त्यांच्याच स्टीलच्या वाटीत भरून, झाकणी ठेवून, तिसऱ्या मजल्यावरून पहिल्या मजल्यावर नेला होता. त्यांनी झाकणी उचलली, वास घेतला, "छान झालाय," म्हणाल्या आणि वाटी माझ्या हातात परत ठेवली.

"ही मी तुमच्या सासूबाईंना दिली होती. त्यांच्या हातनं येऊ द्या."

"अहो सिस्टर, त्यांना कुठे जिने उतरवतात? आणि त्यांना आता काय कळतंय, वाटी कुणाची नि काय!"

"मग मी वर येते मंगळवारी."

दार बंद. मी शिरा घेऊन तीन मजले चढले नाही, दोनच चढले, पण राग तीन मजल्यांचा होता.

मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची पोर होते. आता एकाहत्तरची झाल्यावर त्या पोरीबद्दल मोकळेपणाने बोलायला हरकत नाही. हुशार होती, पण अतिशहाणी. बँकेतून नुकतीच निवृत्त झालेली, मुलुंड पूर्वेतल्या आमच्या चार मजली, बिनलिफ्टच्या सोसायटीची सेक्रेटरी, गळ्यात चष्म्याची साखळी, बगलेत फाइल. म्हातारपण हे फक्त आपल्या सासूला होतं, आपल्याला व्हायचं काही कारण नाही, अशी तिची पक्की समजूत होती. सासू, म्हणजे आमच्या माई, चौऱ्याऐंशीच्या. घरात माई, मी (माई मला नलू म्हणायच्या) आणि आमचे हे. ह्यांचा स्वभाव असा की घरात आहेत की नाशिकला, हे डबा उघडून पोळ्या मोजल्याशिवाय कळायचं नाही.

शांताबाई महापालिकेच्या एका इस्पितळात बायकांच्या वॉर्डच्या सिस्टर होत्या. निवृत्त होऊन आमच्याकडे पहिल्या मजल्यावर राहायला आल्या. मूळच्या लातूरकडच्या. मुंबईत चाळीस वर्षं काढूनही 'इकडं, तिकडं' सुटलं नव्हतं. ठेंगण्या, रुंद, नाकात काही नाही, कानात काही नाही, पदराला मात्र नर्सचं उलटं घड्याळ टाचलेलं. साठी उलटलेली बाई, नाडी कुणाची बघायची नसली तरी ते घड्याळ रोज किल्ली देऊन चालू ठेवायची. पर्समध्ये नेलकटर. बसस्टॉपवर शेजारी बसलेल्या अनोळखी म्हातारीची नखं कापताना मी त्यांना माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हातारी इतकी थक्क झाली की तिची बस गेली.

त्यांच्याकडे एकसारख्या सात वाट्या होत्या. प्रत्येकीवर मशीनने कोरलेलं 'शां. वा.' आमच्या सोसायटीत पंचाहत्तरीच्या पुढची माणसंही सातच. दर शनिवारी अकरा वाजता शांताबाई एकेका दारी जायच्या. वाटीत कधी शेंगदाण्याची चटणी, कधी गव्हाची खीर, कधी नुसतं मेतकूट. दार सुनेने उघडलं तर म्हणायच्या, "तुमच्यासाठी नाही ओ. आजोबांना बोलवा." वाटी म्हाताऱ्या हातातच द्यायची आणि मंगळवारी म्हाताऱ्या हातातूनच परत घ्यायची. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करायची नाही, हे तर आपल्याकडे न शिकवता येतं. त्यामुळे मंगळवारी प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला वाटीत घालायला काहीतरी शोधावं लागायचं.

आम्ही इतर बायका म्हणायचो, बाईला काम नाही. मी जरा जास्तच म्हणायचे.

पहिली वाटी आमच्या दारी आली तेव्हा मी ती आत घ्यायला क्षणभर घुटमळले. का घुटमळले ते लिहायला आज लाज वाटते, म्हणूनच लिहिते. त्यांच्या घरातली बुद्धमूर्ती मी जिन्यातून पाहिली होती. आणि मी, पदवीधर, बँकेतली, पुरोगामी, चक्क म्हटलं, "आमच्या माई जुन्या वळणाच्या. त्यांना चालेल की नाही, कुणास ठाऊक."

माई माझ्या पाठीशी कधी येऊन उभ्या राहिल्या, कळलंच नाही. त्यांनी हात लांब करून वाटी घेतली, तिथेच दारात बोट बुडवून चटणी चाखली आणि म्हणाल्या, "लसूण सढळ हाताने घातलाय. आमच्याकडे हल्ली लसूण घालतच नाहीत."

शांताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून मला 'सेक्रेटरीबाई' म्हणायला लागल्या, आणि त्यात आदर नव्हता.

माझी त्या काळातली एक साहित्यकृती सांगते. मी फलकावर नोटीस लावली: 'ज्येष्ठ नागरिकांनी जिन्यात बसून येण्याजाण्यास अडथळा करू नये.' चढताना दम लागला की बिचारे पायरीवर टेकायचे, ते मला गबाळं दिसायचं. दुसऱ्या दिवशी नोटिशीखाली बॉलपेनने लिहिलं होतं, 'खुर्ची द्या, बसणार नाहीत.' आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर शांताबाईंची निळी प्लॅस्टिकची खुर्ची. मी कमिटीत तो विषय काढला. खजिनदार म्हणाले, "अहो, काल मीच बसलो होतो त्यावर." विषय संपला.

हे झालं विनोदाचं. आता माझ्या घरातलं सांगते.

माईंना साखरेचा त्रास, म्हणून मी साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला होता. एकदा त्यांच्याकडून गॅसवर दूध करपलं, तेव्हापासून स्वयंपाकघरात येऊ नका म्हणून सांगितलं. एकदा त्या कुणाला न सांगता खाली बागेत जाऊन बसल्या आणि मी घाबरीघुबरी झाले, तेव्हापासून बाहेर जाताना दाराला बाहेरून कुलूप लावायला लागले. प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि प्रत्येक कारण काळजीचं होतं. मी कधी त्यांच्यावर हात उगारला नाही, उपाशी ठेवलं नाही, औषध चुकवलं नाही. आवाज मात्र चढायचा. "माई, किती वेळा सांगायचं?" हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हणायचे, ते माईंनाच ठाऊक. मला ते ऐकूही येत नसे, जसा आपल्याला आपल्या पंख्याचा आवाज ऐकू येत नाही.

स्वयंपाकघर बंद झाल्यावर माई शांताबाईंच्या वाटीत देवापुढची खडीसाखर घालायच्या. एकच खडा. शांताबाई दर मंगळवारी तो तिथेच तोंडात टाकायच्या आणि माईंशी दोन मिनिटं बोलायच्या. मला वाटायचं, गप्पा मारतायत. पुढे त्यांनी मला सांगितलं की त्या काय बघायच्या. नखं, टाचा, चष्म्याच्या काचा. "आणि एक. काही विचारलं की म्हातारं माणूस उत्तर द्यायच्या आधी कुणाकडं बघतं, ते बघायचं."

ते ऐकूनही मी समजत होते की त्या बाकीच्या सहा घरांवर लक्ष ठेवून आहेत आणि आमचं घर त्यात शिष्टाचार म्हणून आहे.

तो मंगळवार. प्रभागातल्या एका सभागृहात ज्येष्ठांच्या सत्काराचा कार्यक्रम होता आणि मला, हसू नका, भाषणाला बोलावलं होतं. हे नाशिकला. मी माईंना नाश्ता दिला, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि गेले. फोन सायलेंटवर. 'आमच्या घरात माईंचा शब्द शेवटचा,' असं मी माइकवर म्हणाले. टाळ्या पडल्या. मलाही एक शाल मिळाली.

इकडे घरात खडीसाखर संपली होती. अकरा वाजता शांताबाई वाटी न्यायला येणार, आणि वाटी रिकामी. माईंनी स्टूल घेतलं, त्यावर चढल्या आणि वरच्या फळीवरच्या साखरेच्या डब्याला हात घातला.

शांताबाईंनी बेल वाजवली तेव्हा आतून आवाज आला, पण खालून, फरशीजवळून. त्या दारापाशी खाली बसल्या आणि फटीतून विचारायला लागल्या. डोकं आपटलं का? बोटं हलतात का? पाय उचलून बघा. मनगट मोडलं होतं, बाकी शुद्ध शाबूत. दाराबाहेरून त्यांनी माईंना वर्तमानपत्राची गुंडाळी करायला लावली आणि ती परकराच्या जुन्या नाडीने मनगटाखाली बांधून घ्यायला लावली. एका हाताने, चौऱ्याऐंशीव्या वर्षी. वॉचमनला सायकलवरून मला आणायला पिटाळलं. तेवढ्यात कुणीतरी सुताराला बोलावलं, पटाशी काढली. तर आतून माई रडायलाच लागल्या.

"दार मोडू नका हो. नलू रागावेल."

हे मला नंतर चार जणांनी चार वेळा सांगितलं. शांताबाईंनी एकदाही सांगितलं नाही. त्यांनी फक्त सुताराला थांबवलं, कारण माई घाबरून, मोडक्या हाताने उठायला बघत होत्या. मग मी येईपर्यंत त्या दाराला पाठ लावून बसल्या आणि आत माईंना काय काय सांगत राहिल्या. लातूरची म्हैस, वॉर्डातल्या गमती, एका मेट्रनच्या विगाची गोष्ट. जिन्यात उभे असलेले लोक सांगतात, आतून माई हसल्यासुद्धा.

मी शाल अंगावर तशीच घेऊन जिना चढले. सगळे बाजूला झाले. किल्ली कुलपात जाईना. शांताबाईंनी माझ्या हातून घेतली नाही, मदत केली नाही, नुसत्या उभ्या राहिल्या. दार उघडलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात माई, सगळीकडे साखर, आणि तोवर मुंग्यांची रांगसुद्धा लागलेली.

माई मला पाहून म्हणाल्या, "साखर सांडली गं. भरते मी."

जवळच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होता, चाकाच्या स्टुलावर बसलेला. त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "कशा पडल्या आजी?" मी म्हटलं, "वय झालंय ना डॉक्टर, तोल जातो." शांताबाईंनी दोन्ही हातांनी त्याचं स्टूल धरलं आणि त्याला गर्रकन माईंकडे फिरवलं.

"पडल्या त्या. त्यांना विचारा. आणि वय झालं हे काय निदान नाही."

डॉक्टर चांगल्या घरचा असावा. हसला आणि म्हणाला, "सांगा आजी, कशा पडलात?"

आणि माईंनी उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे पाहिलं.

किती वर्षं बघत असतील. मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"माझंच चुकलं," माई म्हणाल्या.

प्लॅस्टर झाल्यावर शांताबाई मला बाहेर बाकावर घेऊन आल्या. "नलू," म्हणाल्या. सेक्रेटरीबाई नाही, तुम्ही नाही. "पोलिसांत द्यायचा तक्रारीचा अर्ज मला लिहिता येतो. वॉर्डात असताना चिकार लिहिले. यात नाव तुझं येईल."

"माझं? सिस्टर, मी काय केलं? मी त्यांच्यासाठीच तर..."

"ते मला नको सांगू. मी आधी त्यांना विचारते. त्या म्हणतील तसं. घरी यायचं नाही म्हणाल्या तर माझ्याकडं राहतील. तू इथं बस."

त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. बंद दाराबाहेर बसायची पाळी माझी होती. अर्धा तास. मी आयुष्यात परीक्षा खूप दिल्या, पण माझा निकाल एक प्लॅस्टर घातलेली म्हातारी लावतेय, असा हा एकच प्रसंग. खरं सांगायचं तर पहिली पंधरा मिनिटं मला 'लोक काय म्हणतील' हेच सुचत होतं. पुढच्या पंधरा मिनिटांत आठवलं की माईंनी गेल्या वर्षभरात माझ्याकडे काही मागितलंच नव्हतं. मी त्याला समाधान समजले होते.

दार उघडलं. शांताबाईंचे डोळे लाल होते, आणि त्यांना ते आवडलेलं दिसत नव्हतं.

"घरी यायचं म्हणतात. पण त्यांना दाराची किल्ली पाहिजे, स्वतःची. आणि साखरेचा डबा खालच्या फळीवर."

"एवढंच?" मी म्हटलं.

"एवढंच म्हणायला त्यांना अर्धा तास लागला, नलू."

मग त्या माईंकडे वळल्या. मी त्यांना असं चाचरताना आधी कधी पाहिलं नव्हतं. "माई, चूक माझीपण झाली. मी म्हाताऱ्या माणसांना वाटी भरायला लावली. वाटलं, घरात त्यांचा हात किती चालतो ते कळंल मला. तुम्ही माझ्या वाटीपायी पडला. आजपासून वाटी रिकामी आली तरी चालंल."

माईंनी मान ताठ केली. "मुळीच नाही हं. रिकामी वाटी मी देणार नाही. शोभतं का ते?"

माई पुढे चार वर्षं जगल्या. त्या चार वर्षांत त्या फार गोड वागल्या असं लिहिलं तर त्या वरून माझा कान पिळतील. किल्ली दोनदा हरवली. एकदा ती भाजीवाल्याच्या वजनाच्या पारड्यात सापडली. निळ्या खुर्चीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्या पोळ्या कशा वातड होतात ते सांगायच्या. साखर चोरून खायच्या, आता चोरायची गरज नव्हती तरी. पुन्हा एकदा दूध करपवलं. मी तडक खाली गेले, "सिस्टर, बघा, तुमचं ऐकून काय झालं!" शांताबाई टीव्हीवरची मालिका बघत होत्या, मोठ्ठ्या आवाजात. मालिका चालू असताना त्या कुणाचंच ऐकायच्या नाहीत. जाहिरात लागल्यावर म्हणाल्या, "तू चाळिशीत किती वेळा दूध घालवलंस? तेव्हा तुला कुणी कोंडलं व्हतं का?"

मी वर जाऊन दुधाचं पातेलं घासलं.

त्या काही देवी नव्हत्या. रमीत सरळ सरळ फसवायच्या आणि पकडलं की मोतीबिंदूचं नाव सांगायच्या. उपकार मानलेले खपायचे नाहीत, चिडायच्या. कुणाच्याही घरातलं भांडण त्यांना पाठ असायचं आणि त्या ते चवीने सांगायच्या. मला त्यांनी हळूहळू वाट्या पोचवायच्या कामाला लावलं. पहिल्या शनिवारी मी चौथ्या मजल्यावरच्या काकांशी बोलून आले आणि अहवाल दिला, "ठीक आहेत." त्यांनी विचारलं, "टाचा?" मी टाचा पाहिल्याच नव्हत्या. परत पाठवलं. बँकेत मला तीस वर्षांत कुणी असं परत पाठवलं नव्हतं.

माई गेल्या त्या सकाळी मी काही सुचत नसल्यासारखी उभी होते. शांताबाई आल्या. कुणाशी न बोलता बसल्या, माईंचं डोकं मांडीवर घेतलं आणि केस विंचरले. सावकाश, गुंता न ओढता, जसं जिवंत माणसाला दुखेल म्हणून जपून विंचरावं तसं. मग छोटासा अंबाडा घातला.

पुढे शांताबाईंचे स्वतःचे गुडघे बोलायला लागले. भाचा पुण्याला चला म्हणत होता, मी तिसऱ्या मजल्यावर या म्हणत होते. त्यांनी दोघांनाही न विचारता घाटकोपरला तळमजल्यावर बिऱ्हाड केलं, वॉर्डातल्याच जुन्या मैत्रिणीबरोबर, म्हणजे दुसऱ्या एका निवृत्त सिस्टरबरोबर. मी रुसले. "आमच्यात काय कमी होतं?" तर म्हणाल्या, "अगं, आमच्या दोघींत मिळून तीन डोळे आणि दोन गुडघे धड आहेत. भागतं."

मागल्या वर्षी त्या गेल्या, त्याच्या तीनेक महिने आधी मी त्यांच्याकडे गेले होते. खूप वाळल्या होत्या. मैत्रिणीशी माझ्यासमोर दोनदा भांडल्या, एकदा चहाच्या साखरेवरून आणि एकदा माझ्यावरून. निघताना मी नको नको म्हणत असताना मला बसपर्यंत सोडायला आल्या. स्टॉप रस्त्याच्या पलीकडे. येताना दोघी बरोबर होतो, म्हणून मला काही वाटलं नाही. बस आली, मी चढले, खिडकीशी बसले आणि मग लक्षात आलं की आता त्या एकट्या परत जाणार.

घाटकोपरचा तो रस्ता. रिक्षा, टेम्पो, मोटारसायकली, कुणी कुणाच्या बापाचं न ऐकणारे. शांताबाईंनी उजवा हात वर केला, वॉर्डातल्या पोरींना गप्प करायला करत असतील तसा, आणि आमच्याच बसच्या पुढ्यात रस्त्यात पाऊल टाकलं. हॉर्न सुरू झाले. त्यांनी वेग वाढवला नाही. कारण वाढवायला नव्हताच. एक पाऊल, थांबणं, दुसरं पाऊल. मी अर्धी उठले होते. उतरून धावावं, कोपर धरावं, ओढत पलीकडे न्यावं. बसमधली एक मुलगी म्हणालीसुद्धा, "अय्या, आजींना कुणीतरी धरा ना!"

"राहू दे गं," मी म्हटलं. "त्यांनी सांगितलं तर धरू."

आणि मी बसले.

एक मोटारसायकलवाला त्यांच्या अंगावरून काहीतरी ओरडत गेला. त्यांनी मान वळवून त्याला काहीतरी सुनावलं, ते त्याला ऐकू गेलं नसणार, पण त्यांनी पूर्ण सुनावलं. मग रस्त्याच्या मधोमध थांबून पदर नीट खोचला. मागे रिक्षांची रांग लागली होती. आमच्या ड्रायव्हरने आरशात मागची गर्दी पाहिली, समोर शांताबाईंकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं.